गोल्फ स्पर्धेतून माजी सैनिकांसाठी निधी : पैसे कोण घेणार ते आधी कागदावर घ्या

तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. तुमच्या गोल्फ ग्रुपला डिसेंबरात एका रविवारी स्पर्धा घ्यायचीय, दोन-तीन कंपन्या पैसे द्यायला तयार आहेत, त्यातून पुणे जिल्ह्यातल्या गरजू माजी सैनिकांना व्हीलचेअर आणि औषधपाण्याची मदत करायचीय. रक्कम कशी स्वीकाराल हे विचारायला एका कार्यालयात गेलात तर उत्तर मिळालं, "आधी जमवा तर खरं, मग बघू." हेच शब्द मी ऐकलेत. त्या "मग बघू"पायी आमचं काय झालं ते आधी सांगते.

शॉटगन स्टार्ट, स्टेबलफोर्ड की स्क्रॅम्बल, हँडिकॅपची मर्यादा, या खेळाच्या पद्धतीच्या गोष्टी तुमच्या कॅप्टनला माझ्यापेक्षा चांगल्या कळतात. त्यात अडत नाही. अडतं ते बक्षीस समारंभ संपल्यावर.

आमची यादी तयार होती. मुख्य खर्च व्हीलचेअर आणि त्यावरच्या बसायच्या गादीचा. कमरेखालचं अंग गेलेल्या माणसाला संवेदना नसते; साध्या फोमवर दिवसभर बसलं की दाब पडून जखम होते, त्याला कळतसुद्धा नाही, आणि ती चिघळली तर जिवावर बेतते. यादीतले बरेच जण पेन्शनर होते. काही मात्र असे, की पेन्शनला लागणारी १५ वर्षं भरायच्या आत घरच्या अडचणीमुळे स्वतःहून नोकरी सोडून आलेले. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं, कार्ड नाही, आणि सरकारी व्याख्येत ते माजी सैनिक धरलेही जात नाहीत. माझ्या मते आपल्यासारख्यांच्या पैशाची सगळ्यात जास्त गरज याच माणसांना आहे, कारण बाकीच्यांसाठी निदान एक खिडकी तरी उघडी असते.

ही यादी, हुद्दा, सेवेची वर्षं, डिस्चार्ज बुकच्या प्रती, सगळं पहिल्याच भेटीत त्या कार्यालयाच्या टेबलावर ठेवलं होतं. साहेबांनी पानं चाळली, चहा मागवला, "फार चांगलं काम करताय" म्हणाले. आम्ही पत्र मागितलं. "चांगल्या कामाला पत्र कशाला? आम्ही आहोत ना." पुन्हा गेलो, पुन्हा मागितलं, पुन्हा तेच. धनादेश कोणाच्या नावे काढायचे तेही त्यांनीच तोंडी सांगितलं आणि कंपन्यांनी त्याप्रमाणे काढले.

स्पर्धा उत्तम झाली. धनादेश नेऊन दिले. मग सुरू झालं. आधी "वरिष्ठ कार्यालयाकडून मार्गदर्शन मागवलंय". मग "रोख रकमेपेक्षा वस्तूच द्या". आम्ही व्हीलचेअरची कोटेशन आणली, तर "वस्तू ठेवायला आमच्याकडे जागा नाही, रक्कमच जमा करा, पण ठरावीक व्यक्तींच्या नावे खर्च करता येणार नाही". आणि शेवटी, "यादीतली काही नावं व्याख्येत बसत नाहीत, म्हणून पूर्ण प्रस्तावच थांबलाय". ती नावं पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर होती! नियम माहीत असलेल्या माणसाने एक वाक्य तेव्हाच सांगितलं असतं, तर आम्ही त्या नावांची सोय दुसरीकडे केली असती. मध्येच साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांना फाइल सापडेना. माहिती अधिकाराचा अर्ज टाकला तेव्हा कुठे कळलं की धनादेश फाइलीला टाचलेले तसेच आहेत, बँकेत भरलेलेच नाहीत. धनादेशाची मुदत ३ महिने. ती उलटून गेली होती.

नवे धनादेश मागायला गेलो तोवर ३१ मार्च मागे पडला होता. एका कंपनीने सरळ सांगितलं, मागच्या वर्षीची तरतूद संपली. तो पैसा गेला. यादीतले पुरंदरकडचे एक काका, विहिरीच्या कामावर पडून पाय गेलेले, त्यांचं गादीसाठी मापसुद्धा घेऊन झालं होतं. संक्रांतीपर्यंत येईल असं आम्ही त्यांच्या घरच्यांना सांगितलं होतं. जुन्या बसक्या गादीवर त्यांना जखम झाली आणि उन्हाळाभर ते इस्पितळात पालथे पडून होते. यात कुणाचा दुष्ट हेतू होता असं मी म्हणत नाही. पण सही करायची वेळ आली की पाऊल मागे घ्यायचं, ही सवय कुणाच्या अंगावर किती महाग पडते ते मी पाहिलंय, आणि त्याबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

म्हणून तारीख जाहीर करायच्या आधी, प्रायोजकांना पुन्हा फोन करायच्याही आधी, एक पत्र लिहा. रक्कम कोणत्या नावे, कोणत्या खात्यात. ठरावीक कामासाठी किंवा व्यक्तींसाठी राखून ठेवता येते का. वस्तू चालतात का. पावती किती दिवसांत. यादीतल्या कुणाबद्दल हरकत आहे का. पत्र आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, क्रमांक घेऊनच बाहेर पडा. लेखी उत्तर येईपर्यंत तोंडी "हो"ला काही किंमत देऊ नका, ते कितीही प्रेमाने म्हटलेलं असो.

आता माझं मत. मी सीए नाही, वकील नाही, हे धरूनच वाचा. पैसे दोन वाटांनी द्या. ज्यांना नाव-गाव न लावता एकूण माजी सैनिक कल्याणासाठी द्यायचंय, त्यांनी थेट सशस्त्र सेना ध्वजदिन निधीला द्यावं. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, निधीचं काम केंद्रीय सैनिक बोर्ड बघतं, देणगीवर आयकरात सवलत आहे. पेन्शन नसलेल्या, पासष्टी ओलांडलेल्या, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याच्या माजी सैनिकांना दरमहा निर्वाह अनुदान त्यातूनच जातं. तिथे तुमच्या ग्रुपने मध्ये पडायचं कारणच नाही. देणगीदाराने स्वतःच्या खात्यातून भरावं, पावती त्याच्याच नावे. आणि ठरावीक माणसांपर्यंत ठरावीक वस्तू पोचवायची असेल तर नोंदणी चालू असलेला, ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) असलेला विश्वस्त न्यास गाठा. आमचं उरलेलं काम शेवटी अशाच एका न्यासाने केलं, आणि कार्यालयात जेवढा काळ फाइल फिरली त्याच्या मानाने चुटकीसरशी केलं.

स्वतःच्या ग्रुपच्या किंवा खजिनदाराच्या खात्यात मात्र देणग्या घेऊ नका. महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यास नसताना धर्मादाय कामासाठी वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्तालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दरवर्षी कलम ४१ क खाली घेतात तीच. तुमच्यात कुणी मंडळाचं काम केलेलं असेल तर त्याला हा अर्ज तोंडपाठ असेल.

दुसरा घोळ सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामासाठी द्यायच्या पैशाचा. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात माजी सैनिक, युद्धात पती गमावलेल्या स्त्रिया आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठीचं काम स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यामुळे कंपनीचा माणूस उत्साहाने हो म्हणतो. पण होलवर स्वतःच्या नावाचा फलक लावून जाहिरात करून घ्यायची आणि तीच रक्कम सीएसआरमध्ये दाखवायची, हे नियमात बसत नाही. जाहिरातीचा फायदा मिळवण्यासाठी दिलेलं प्रायोजकत्व सीएसआर धरलं जात नाही. फलकाचा पैसा कंपनीच्या जाहिरात खर्चातून येऊ द्या आणि त्यातूनच स्पर्धेचा खर्च भागवा. सीएसआरचा पैसा वेगळा, सरळ न्यासाला, आणि त्या न्यासाची सीएसआर-१ नोंदणी (असा पैसा घ्यायला लागते ती) आहे ना ते बघून.

तसंच प्रवेश फी म्हणजे देणगी नव्हे. माणूस खेळतो, नाश्ता करतो, टोपी घेऊन जातो. त्या रकमेवर ८०जीची पावती मिळेल असं माहितीपत्रकात छापू नका. फीच्या वरची देणगी वेगळी घ्या, आणि २००० रुपयांच्या वर रोख नको, सवलत मिळत नाही. न्यासाला देणगीदारांचं विवरण १०बीडी फॉर्ममध्ये ३१ मेपर्यंत भरावं लागतं आणि त्यावरून प्रमाणपत्र निघतं, म्हणून प्रत्येकाचा पॅन त्याच दिवशी टेबलावर लिहून घ्या. नंतर फोन करत बसणं म्हणजे शिक्षा आहे. २०२५च्या नव्या आयकर कायद्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेत, तेवढं तुमच्या सीएकडून तपासून घ्या.

पुण्यात असं काम करणारी ठिकाणं कमी नाहीत, हे आपल्या शहराचं मोठं भाग्य आहे. खडकीत जखमी जवानांसाठीचं पॅराप्लेजिक (कमरेखालचं अंग गेलेल्यांचं) पुनर्वसन केंद्र १९७४ पासून आहे, अपंग सैनिकांना तंत्रशिक्षण देणारी क्वीन मेरीज संस्था १९१७ पासूनची, आणि कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागलेल्या मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. तुमच्या खेळाडूंना यातलं एखादं ठिकाण आधी, रीतसर परवानगी काढून, दाखवून आणा. तिथल्या माणसांना विचारा काय हवंय. आपण घरी बसून ठरवलेली वस्तू आणि त्यांना लागणारी वस्तू एकच असेल असं नाही. पेन्शनरला जे ईसीएचएसमधून मिळू शकतं ते पुन्हा विकत घेण्यातही अर्थ नाही.

आणि कृपा करून समारंभात व्हीलचेअरवरच्या माणसांना ओळीने बसवून भलेमोठे पुठ्ठ्याचे धनादेश हातात देऊ नका. यायची इच्छा असेल त्यांना पाहुणे म्हणून बोलवा, जेवायला आपल्या टेबलावर बसवा, खेळायचं असेल तर पटिंग ग्रीनवर स्पर्धा ठेवा. मदत कुणाला मिळाली हे देणगीदारांना नावाशिवाय कळवता येतं. यावर आमच्याकडे बराच वाद झाला होता आणि मी अजूनही माझ्या जागी ठाम आहे.

किरकोळ गोष्टी भराभर सांगते. कॅडींचं त्या दिवसाचं मानधन बजेटमध्ये पहिल्या ओळीत धरा, चांगल्या कामाच्या नावाखाली त्यांना फुकट राबवू नका. होल-इन-वनला (एकाच फटक्यात चेंडू खळग्यात) गाडी बक्षीस ठेवणार असाल तर विमा आधी, आणि त्यातल्या साक्षीदाराच्या अटी नीट वाचा. संध्याकाळी मद्य ठेवणार असाल तर क्लबच्या परवान्यात तो कार्यक्रम बसतो का ते विचारा, नसेल तर राज्य उत्पादन शुल्ककडून एका दिवसाचा परवाना. मैदान येरवड्याच्या बाजूला असेल तर ड्रोनने चित्रीकरणाचा विचार सोडा, लोहगावचा विमानतळ आणि हवाई दलाचा तळ उशाशी आहे. भाषणं दोनच.

दिवाळीपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर स्पर्धा जानेवारीत ढकला. हवा तेव्हाही छान असते, मैदान कोरडं असतं आणि आर्थिक वर्ष संपायला पुरेसा वेळ उरतो. फेब्रुवारीच्या पुढे मात्र जाऊ नका. पत्राचा मसुदा हवा असेल तर सांगा, आमचा आहे तो तुमच्या यादीप्रमाणे बदलून देते.