तुझ्या नायिकेचं एटीएम कार्ड

अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचं पाचवं प्रकरण काल रात्री वाचलं आणि आज सकाळी पोळ्या आटपल्यावर पुन्हा वाचलं. त्या बाईच्या बाजूने तू मनापासून उभा आहेस, हे मला फार आवडलं. तरी सांगते, नवरा ताट भिरकावतो आणि मग ती दीड पान बोलते, ते दीड पान काढून टाक. "मी तुझी गुलाम नाही, मलाही अस्तित्व आहे" हे तुझं बोलणं आहे, तू ते तिच्या तोंडी घातलंस. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा वर्षं तिसरीच्या पोरांना शिकवणारी बाई, सासू पलीकडच्या खोलीत जागी असताना, रात्री साडेनऊ वाजता असं बोलत नाही.

प्रकरणाचा जीव तिसऱ्या पानावर आहे आणि तू तिथून घाईघाईने पुढे गेलास. शाळेतल्या एका शिक्षकांचा निरोप समारंभ, वर्गणी पाचशे रुपये, आणि ती ते नवऱ्याकडे मागते. पगार तिचा. शालार्थमधून, म्हणजे शिक्षकांच्या पगाराच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून, दर महिन्याला तिच्याच खात्यात येणारा. पण एटीएम कार्ड त्याच्या शर्टाच्या खिशात, आणि पगार जमा झाल्याचा मेसेजही त्याच्याच मोबाइलवर. तो विचारतो, "पाचशे? एवढे कशाला?" आणि ती कारण सांगायला लागते. तिथे थांब, बाबा. त्याचा आवाज चढलेला नाही, टीव्हीवरची नजरसुद्धा त्याने काढलेली नाही, आणि तरी ती स्वतःच्या पैशांचा हिशेब देते आहे. चौदा वर्षांत हे कसं घडत गेलं ते शोध. लग्नानंतरच्या पहिल्या पगाराला तो मायेनंच म्हणाला असेल, "तू कुठे रांगेत उभी राहतेस, मी काढून आणतो की." तेव्हा तिला ते आवडलंही असेल. मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही असेल. हे एका परिच्छेदात आलं, तर ताट पडायच्या आधीच वाचकाच्या पोटात कालवेल.

राग दोघांनाही येतो. तो दाखवणं मात्र दोघांना सारखं परवडत नाही. ज्याला परवडतं तो भरल्या पानावरून उठतो. ज्याला परवडत नाही त्याचा राग भांड्यांत जातो, अबोल्यात जातो, पोरांच्या पाठीत जातो. माझ्या आईचा राग मी पोळपाटाच्या आवाजावरून ओळखायचे. अबोला सुरू झाला की मी मध्ये. "विचार त्यांना, वाढू का?" बाबा तीन हातांवर बसलेले. मी जायचे, विचारायचे. "सांग, भूक नाही." पुन्हा स्वयंपाकघरात. आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा हे अकरा दिवस चाललं, आणि अकराही दिवस बाबांचा चहा एकदाही चुकला नाही. वेळेवर यायचा, फक्त कप ठेवताना थोडा बशीत सांडलेला असायचा. बाबा कधी बशीकडे पाहायचे, कधी नाही. आईला जे बोलायचं होतं ते सगळं त्या बशीत होतं, हे मला कळायला माझं स्वतःचं लग्न व्हावं लागलं.

मराठीने तुझ्या हातात एक फार मोठी गोष्ट दिलेली आहे, ती तू वापरलीच नाहीस. तुझी नायिका पहिल्या पानावर नवऱ्याला 'अहो' म्हणते, भांडणात सरळ 'तू'वर येते, आणि कुणाला काही वाटत नाही! अरे, त्या घरात तो 'तू' म्हणजे भूकंप आहे. तो तिला कायम 'अगं, तू'. तिच्या तोंडून चौदा वर्षांत पहिल्यांदा, एकदाच, 'तू' निसटू दे, आणि लगेच तिला ते सावरूही दे: "तू कधी... तुम्ही कधी विचारलंत का मला?" ताट त्या एका शब्दासाठी भिरकावलं गेलं, भाकरी गार होती हे निमित्त, हे मग तुला सांगावं लागणार नाही. (शहरातल्या 'अरे-तुरे'वाल्या जोडप्यांत हे नेमकं उलटं होतं. तिथे राग आला की नवरा 'मॅडम' म्हणायला लागतो.)

रखमाबाईंचा खटला तू वाचलेला नसशील तर वाच. अकराव्या वर्षी लग्न लागलेल्या या मुलीने मोठेपणी नांदायला जायचं नाकारलं. नवऱ्याने, दादाजी भिकाजी यांनी, १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्या. पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला, आणि १८८७ मध्ये न्या. फॅरन यांनी सांगितलं: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाई तुरुंगात जायला तयार झाल्या. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि पुढे त्या डॉक्टर झाल्या. यात दादाजींना घरात एक भांडंसुद्धा आपटावं लागलं नाही. त्यांच्या पाठीशी कोर्ट होतं, 'केसरी' होता. तुझ्या कादंबरीतल्या नवऱ्याच्या पाठीशी कोण आहे? पलीकडच्या खोलीतली सासू आहे. "ताई, जरा सांभाळून घे" म्हणणारा तिचा सख्खा भाऊ आहे. कायदा मात्र आज तिच्या बाजूला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळही हिंसाचारातच धरला आहे. शिक्षिका आहे, तिला हे ठाऊक असणार. ठाऊक असून ती कार्ड परत का मागत नाही, याचं उत्तर तुझ्याकडे हवं. कादंबरीत लिहिलं नाहीस तरी चालेल.

आता त्याच्याबद्दल. त्याचं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, गावभर उधारी थकलेली आहे, एवढं तू सांगून ठेवलंस आणि विसरलास. त्या दिवशी सकाळी वितरकाचा माणूस चार गिऱ्हाइकांसमोर त्याला काय बोलून गेला? तिथे तो "हो साहेब, सोमवारी नक्की" म्हणाला असणार. ते वाक्य मला ऐकायचं आहे. पण त्याला दारू पाजू नकोस. 'दारूमुळे झालं' म्हटलं की लेखक सुटतो आणि तोही सुटतो. प्यायलेला माणूससुद्धा वसुलीला आलेल्यावर ताट फेकत नाही, कुणावर फेकायचं ते त्याला नीट कळतं. त्याला समजून घे. माफ करायची घाई करू नकोस.

आणि तिला इतकी सोज्वळ ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी पाढा चुकलेल्या पोरावर ती खेकसते का? मुलीची वेणी घालताना केस जरा जास्तच ओढले जातात का? लिही ते. त्याने तिची बाजू तसूभरही कमी होत नाही.

ताट पडलं आणि तू प्रकरण संपवलंस. मला त्यानंतरची वीस मिनिटं हवी आहेत. वरण भिंतीवर उडालंय, कॅलेंडरवरून ओघळतंय. फडकं कोण आणतं, सासू की मुलगी? फरशी पुसली जाताना तो नुसते पाय वर घेतो का? आणि ते पाचशे रुपये? सकाळी ते फ्रिजवर ठेवलेले असतात की तिच्या डब्याखाली, आणि ती ते उचलते की तसेच ठेवून शाळेत जाते? एवढंच लिही, चार पानांत, आणि गणपतीच्या आधी पाठव. नंतर घरात पाहुणे असतात, मला निवांत वाचता येणार नाही.

तुझी,
बाई