गोदामात शटर अर्धं उघडं ठेवून पेट्रोलचा जनरेटर चालवला तर चालतो का?

तुमचं पॅकिंगचं गोदाम २० बाय ४० फुटांचं. पावसाळ्यात लाईट गेली की पेट्रोलवरचा छोटा जनरेटर मागच्या कोपऱ्यात सुरू करता. शटर अर्धं वर, दोन खिडक्या, एक एक्झॉस्ट फॅन. एवढ्यावर भागेल का, की डिझेलचा घ्यावा, असं तुम्ही विचारलंय.

नाही भागणार. आधी तो बाहेर काढा, पुढचं निवांत वाचलंत तरी चालेल.

मी छोटी इंजिनं दुरुस्त करतो, आणि हीच चूक स्वतः करून बसलोय. लोडशेडिंगच्या काळातली गोष्ट. पावसाची झड येत होती म्हणून जनरेटर वर्कशॉपच्या आत ओढला आणि शटर गुडघ्याएवढं वर ठेवलं. तासाभरात डोकं ठणकायला लागलं. हाताखालचा पोरगा म्हणाला, "काका, मलापण मळमळतंय." मी त्यालाच झापलं, "सकाळपासून नुसत्या चहावर आहेस, पित्त होणार नाही तर काय!" दोघांनी आलेपाक चघळला. टपरीवर गेलो तर बरं वाटलं, परत येऊन बसलो की पुन्हा ठणका. दुसऱ्या खेपेला पोराचे पाय लटपटले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. एका छपराखालच्या दोघांना एकाच वेळी पित्त कसं होईल? आणि बाहेर गेल्यावर उतरणारं पित्त कुठलं?

दोष इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा. त्याला रंग नाही, वास नाही. धुराचा जो वास येतो तो इतर वायूंचा. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे हवेत ऑक्सिजन असूनही तो मेंदू-हृदयापर्यंत पुरेसा पोचत नाही. छोट्या पेट्रोल इंजिनाच्या धुरात हा काही टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि एक टक्का म्हणजे १०,००० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत दहा हजार भाग). आपल्या जुन्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या कामासाठी सरासरी मर्यादा होती ५० पीपीएम. चोक ओढलेला असेल, एअर फिल्टर कचऱ्याने गच्च असेल, तर प्रमाण अजून वाढतं. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनचे फिल्टर मी रोज बघतो, त्याबद्दल न बोललेलंच बरं. शिवाय बंदिस्त जागेत इंजिन स्वतःचाच धूर परत ओढतं, ऑक्सिजन कमी पडतो आणि धूर आणखी विषारी होतो.

आता तुमच्या गोदामाचा हिशेब. उंची बारा फूट धरली तर ९,६०० घनफूट हवा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९६ साली अशा इंजिनांबद्दल इशारा दिला होता. त्यात जवळपास एवढ्याच, म्हणजे १०,००० घनफुटांच्या खोलीचा हिशेब आहे. तासाला एकदा खोलीतली हवा बदलत असतानाही ५ हॉर्सपॉवरचं इंजिन आठ मिनिटांच्या आत १,२०० पीपीएमला पोचवतं. या पातळीला जिवाला तत्काळ धोका मानतात. त्याच इशाऱ्यात एक शेतकरी आहे: गोठा धुवायला ११ हॉर्सपॉवरचा पेट्रोलवरचा प्रेशर वॉशर आत घेतला आणि अर्ध्या तासाच्या कामात जीव गेला. आणि एक प्लंबर आहे, त्याची गोष्ट खास तुमच्यासाठी. तळघरात पेट्रोलवरचं काँक्रीट कटर चालवताना त्याने दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, पंखाही लावला होता. तरी डोकं भयंकर दुखून गरगरायला लागलं.

एक्झॉस्ट फॅन फक्त स्वतःच्या आसपासची हवा फेकतो, कोपऱ्यातला धूर त्याच्याकडे जाईलच असं नाही. उलट जनरेटर बाहेर पण खिडकीखाली ठेवलात आणि आत फॅन चालू असेल, तर तोच फॅन बाहेरचा धूर खिडकीतून आत ओढेल. म्हणून दार-खिडकीपासून किमान वीस फूट लांब, वर पत्र्याचं छप्पर पण बाजू मोकळ्या, सायलेन्सरचं तोंड गोदामाच्या उलट दिशेला, आणि आत फक्त चांगल्या जाडीची वायर.

आमच्याकडे गावाकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघतात. विझला तर हवा वाईट. ऑक्सिजन कमी आहे का, एवढंच त्यातून कळतं. कार्बन मोनॉक्साइड हजार पीपीएम असला तरी कंदील मजेत जळत राहतो. पाणी उपसायला इंजिन विहिरीत उतरवतात तिथे हाच घात होतो. तेव्हा "मेणबत्ती तर नीट जळतेय" हा पुरावा धरू नका. कार्बन मोनॉक्साइड ओळखून गजर वाजवणारा डिटेक्टर मिळतो, तो जरूर लावा, पण जनरेटर आत ठेवायची ती परवानगी समजू नका.

डिझेल इंजिन जास्त हवेवर चालतं, त्यामुळे हा वायू पेट्रोलपेक्षा बराच कमी सोडतं. पण सोडतंच, शिवाय काजळी आणि नायट्रोजनची ऑक्साइडं. डिझेल सेटच्या धुराड्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सूत्रच आहे: इमारतीच्या उंचीच्या वर आणखी, केव्हीएच्या (सेटच्या क्षमतेच्या आकड्याच्या) वर्गमुळाला ०.२ ने गुणून येईल तेवढे मीटर. २५ केव्हीएला एक मीटर. म्हणजे डिझेलचा धूरही छपराच्या वरच गेला पाहिजे. तुमचा प्रश्न दिवे, पंखा आणि एखाद्या सीलिंग मशीनचा असेल तर मी इन्व्हर्टर-बॅटरी घ्या म्हणेन. माझं गिऱ्हाईक कमी होईल, होऊ दे.

आणि कधी कोणाला आत भोवळ आलीच, तर सगळे बाहेर, मग १०८. धुराने भरलेल्या खोलीत एकामागून एक वाचवायला शिरू नका. बाहेर आल्यावर बरं वाटलं तरी दवाखाना टाळू नका. साध्या हवेत रक्तातलं हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, म्हणून माणूस गुदमरत असताना तो ९८ दाखवू शकतो. खरं काय ते रक्ताच्या तपासणीत कळतं, आणि ती तपासणी व्हायला हवी असेल तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगा: "जनरेटर आत चालू होता."