उष्णता सोसणारा जीन नेमका कुठला?

प्रश्न: सर, पिकांमध्ये उष्णता सोसायचा जीन सापडलाय असं सारखं वाचायला मिळतं. मग तोच सगळ्या वाणांत टाकून मोकळं का होत नाहीत?

उत्तर: असा एकच जीन असता तर ब्रीडर मंडळी कधीच मोकळी झाली असती हो! तापमान चढलं की पेशीतल्या प्रोटीनची घडी बिघडते, ती एकमेकांना चिकटून गोळे होतात, आणि ती सावरायला हीट शॉक प्रोटीन तयार होतात. यांचे जीन सगळ्याच झाडांत असतात, फरक पडतो तो ते किती लवकर आणि किती जोरात चालू होतात यात.

पण खरी गोची पुढेच आहे. रोप उन्हात तगलं म्हणजे दाणे भरतीलच असं नाही. भाताचंच बघा, फूल उमलायच्या वेळी पारा ३५ अंशाच्या वर तासभर जरी राहिला तरी परागकोश नीट फुटत नाहीत, परागकण स्त्रीकेसरावर पुरेसे पडत नाहीत, आणि झाड हिरवंगार दिसत असूनही लोंबीत पोचट दाणे निघतात. नगीना २२ हे जुनं भारतीय वाण इथे टिकाव धरतं, आणि त्या गुणाचा एक महत्त्वाचा भाग चौथ्या क्रोमोसोमवर (म्हणजे गुणसूत्रावर, जीन ओळीने बसलेले असतात त्या डीएनएच्या धाग्यावर) सापडलाय.

मला स्वतःला दुसरी युक्ती जास्त आवडते. एका जंगली भातातून तिसऱ्या क्रोमोसोमचा एक तुकडा घेतला, त्याने फुलं दीड-दोन तास आधी, म्हणजे ऊन चढायच्या आतच उमलतात. ही सहनशक्ती नाहीच म्हणा, सरळ पळवाट आहे, पण दाणे भरल्याशी मतलब! आणि २०१५ साली आफ्रिकन भातात टीटी१ नावाचा जीन सापडला, तो पेशीतली बिघडलेली प्रोटीन लवकर मोडीत काढायला मदत करतो, म्हणजे मार्ग पुन्हा तिसराच.

गव्हात दाणा भरताना स्टार्च बनवणारं एन्झाइमच उष्णतेत मंदावतं, त्याला फुलाचे जीन काय कामाचे?

त्यात जंगली जातीतून हवा तो तुकडा आणताना शेजारचे नको ते जीनही चिकटून येतात, मग चांगल्या वाणाशी पिढ्यानपिढ्या परत संकर करायचा, दरवेळी डीएनए मार्करने, म्हणजे डीएनएवरच्या ओळखीच्या खुणेने, तपासायचं की हवा तो तुकडा राहिलाय आणि बाकीचं गेलंय, वेळ जातो तो यातच.