मोबाईल, जीपीएस आल्यावर मुलं हरवणं, घरी एकटी राहणं यात काय फरक पडलाय?

हरवतात अजूनही, सापडायची तऱ्हा बदललीये असं म्हणेन.

मी स्वतः १९९३ च्या आषाढीला पंढरपुरात हरवले होते, सहा वर्षांची असताना. वाळवंटात आजीचा पदर धरून चालत होते आणि वर बघितलं तर पदर भलत्याच बाईचा! तिनेच उचलून पोलिसांच्या मंडपात नेलं. माईकवाल्याने विचारलं आईचं नाव काय, मी म्हटलं आई. वडिलांचं? अण्णा. गाव? वाडी. आता वारीत वाड्यांची माणसं किती ते तुम्हीच मोजा. शेवटी 'हिरवा फ्रॉक, एका पायात चप्पल नाही' असं पुकारत बसले, दोन तासांनी आजी रडत आली आणि आधी एक धपाटा घातला.

मागच्या वर्षी पुण्यात गणपती बघताना माझा मुलगा हरवला. हातात जीपीएसचं घड्याळ, म्हणून मी निर्धास्त. मंडईच्या गर्दीत नेटवर्क पार झोपलेलं, ॲपमधला टिपका वीस मिनिटांपूर्वी आम्ही भेळ खाल्ली तिथेच चिकटलेला, कॉल लागेना. शेवटी एका मंडळाच्या पोरांनी गाणी बंद करून स्पीकरवर त्याचं नाव पुकारलं, म्हणजे फिरून माईकच. नंबर पाठ नाही का रे विचारलं तर म्हणतो, घड्याळात 'आई' नावाने सेव्ह आहे ना.

खरा फरक पडलाय तो पार लांब गेलेल्या मुलांच्या बाबतीत. नागपुरात एक मुलगा सापडला होता, त्याला नीट बोलता यायचं नाही, घर कुठलं सांगणार कसं. शाळेसाठी त्याचं आधार काढायला गेले तर होईना, कारण ठसे आधीच नोंदलेले निघाले, आणि त्यावरून २०२१ मध्ये, म्हणजे साधारण दहा वर्षांनी, पोरगा जबलपूरला आईवडिलांकडे गेला. पण पाच वर्षांच्या आतल्या मुलांचे ठसे घेतच नाहीत, त्यामुळे पाच झाली की आधार अपडेट करून घ्या, आपल्याकडे ते हमखास राहतं. आणि मूल हरवलं तर २४ तास थांबा वगैरे कोणी म्हटलं तर ऐकू नका, २०१३ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाप्रमाणे एफआयआर लगेच घ्यावा लागतो. १०९८ या मुलांच्या हेल्पलाईनला किंवा ११२ या आपत्कालीन नंबरला फोन करा.

घरी एकटं राहण्याचं म्हणाल तर आमच्या वेळी किल्ली समोरच्या काकूंकडे असायची, भूक लागली तर पोळीही त्यांच्याकडेच. आता हॉलमध्ये कॅमेरा आहे, ऑफिसातून बघते. जूनमध्ये लाईट गेली, वायफाय गेलं, कॅमेरा काळा. तेव्हा फोन कोणाला केला असेल? समोरच्या काकूंनाच.

सध्या मुलाकडून नंबर पाढ्यासारखा घोकून घेतेय. शेवटचे दोन आकडे अजून उलटे म्हणतो.