जर्मनीत नर्स म्हणून गेले आणि आजारी पडले तर?

तुझा मेसेज वाचला. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, चिपळूणला खासगी दवाखान्यात ड्युटी, 2021च्या पुरात बाबांचं दुकान गेलं, पतपेढीचं कर्ज अजून डोक्यावर, आणि एजंट जर्मनीसाठी 4 लाख मागतोय. शेवटी विचारलंस, "ताई, तिकडे आजारी पडले किंवा नोकरी गेली तर हप्ते कोण भरणार?"

आधी याच प्रश्नाचं उत्तर देते, कारण मी यातून गेलेय.

मी गुहागरची. इथे स्टुटगार्टजवळच्या इस्पितळात पेशंटला कूस बदलून देताना माझ्या मणक्यातली गादी सरकली. उठता-बसता येईना. आईला फोनवर "थंडी फार आहे" एवढंच सांगत राहिले. पण पगार थांबला नाही. पहिले 6 आठवडे तो पूर्ण मिळतो, तसा कायदाच आहे, मालकाची मेहेरबानी नाही. पुढे आरोग्य विम्याकडून 'क्रांकेनगेल्ड' येतं: कपातीआधीच्या पगाराच्या 70 टक्के, मात्र हातात पडणाऱ्या पगाराच्या 90 टक्क्यांच्या वर नाही. एका आजारासाठी 3 वर्षांत, ते 6 आठवडे धरून, 78 आठवड्यांपर्यंत.

पैशांपेक्षा मला सावरलं ते नंतरच्या व्यवस्थेनं. वर्षभरात 6 आठवड्यांहून जास्त आजारी राहिलेल्या माणसाला कामावर कसं टिकवता येईल, यासाठी त्याच्यासोबत बसून बोलायची तयारी मालकाला दाखवावीच लागते. माझ्या बैठकीत ठरलं की वॉर्डातलं उचलणं-सावरणं बंद, डायलिसिसला बदली. आणि एकदम पूर्ण ड्युटी नाही. आधी रोज थोडे तास, झेपलं तर आणखी. याला 'हँबुर्ग मॉडेल' म्हणतात. तोवर विम्याचे पैसे चालू राहतात. आपल्याकडे "बरी झालीस की ये" म्हणतात आणि आपण जाईपर्यंत जागा भरलेली असते, हे तुला मी सांगायला नको.

नोकरीच गेली तर रोजगार कार्यालय आहे. मागच्या 30 महिन्यांत 12 महिने पगारातून बेरोजगारी विम्याचे हप्ते कापले गेले असतील तर हातातल्या पगाराच्या 60 टक्के भत्ता मिळतो, मूल असेल तर 67. नोटीस हातात पडली की 3 दिवसांत तिथे नाव नोंदव. दुसरं काम शिकायचं असेल आणि त्यांना पटलं, तर कोर्सचा खर्चही तेच देतात. व्हिसाच्या कार्यालयालाही कळवावं लागतं, कारण नवी नोकरी शोधायला मुदत मर्यादित असते.

आता खाचखळगे. पहिले 6 महिने बहुतेक ठिकाणी प्रोबेशन असतं. 2 आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात, आजारपण आड येत नाही. शिवाय आपल्या शिक्षणाला इथली पूर्ण मान्यता मिळेपर्यंत सहायक म्हणूनच काम, पगारही कमी. म्हणून त्या काळात सगळा पैसा घरी धाडू नकोस. बाबांना आत्ताच सांगून ठेव, नाहीतर गणपतीत पाहुण्यांसमोर विषय निघेल.

एजंटाचं म्हणशील तर 4 लाख अजिबात देऊ नको. आपल्या सरकारच्या नियमानं नोंदणीकृत एजंट कामगाराकडून 30 हजार अधिक जीएसटी एवढंच घेऊ शकतो. नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तपासता येते. जर्मनीत तर नर्सभरतीसाठी सरकारी गुणवत्ता-शिक्का आहे, आणि तो असलेली संस्था नर्सकडून भरतीचा एक पैसा घेत नाही. तसलीच शोध.

खर्च करायचाच तर भाषेवर कर. मान्यतेसाठी जर्मनची बी-2 पातळी लागतेच. जर्मन शिकवणारं मॅक्सम्युलर भवन पुण्यात आहे, मुंबईतही. डोंबिवलीला तुझी मावशी आहे म्हणालीस ना? मग मुंबईच धर. आणि करार आला की 'भाषेचा खर्च परत करावा लागेल' असं कलम कुठे दडलंय का ते आधी बघ. किती वर्षं बांधून घेतात आणि मध्येच सोडलं तर किती युरो मागतात, हे दोन आकडे मला कळव. सहीचं मग बोलू.