माणूस हुशार होत गेला, की नुसती माहिती साठत गेली?

तुम्ही विचारलंय की आपण विमानं उडवतो, हृदयावर शस्त्रक्रिया करतो, तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसापेक्षा आपली बुद्धी वाढली आहे का, की बुद्धी तेवढीच राहिली आणि ज्ञान तेवढं वाढलं? मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर रोजच असतो. माझं मत असं: जन्माला येताना मिळणारा मेंदू तोच आहे. वाढली ती विचार करायची साधनं, आणि ती पुढच्यांच्या हाती सोपवायची व्यवस्था. पण ही साधनं लहानपणीच अंगवळणी पडली की माणूस खरोखर वेगळा विचार करू लागतो. म्हणून बुद्धी एकीकडे आणि ज्ञान दुसरीकडे अशी सरळ वाटणी मला करता येत नाही.

मेंदूचं आधी सांगतो, कारण ते थोडक्यात आटपतं. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लोम्बोस गुहेत सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी कुणीतरी गेरूच्या तुकड्यावर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा नीट आखून कोरल्या आहेत. हे काम करणारा माणूस आपल्यासारखाच होता. दोन हजार वर्षं म्हणजे जेमतेम ऐंशी पिढ्या. एवढ्यात अख्ख्या मानवजातीची उपजत बुद्धी वाढली असं मानायला पुरावा नाही.

मग बुद्ध्यंकाचं काय, असं कुणीही विचारेल, आणि ते रास्तच आहे. न्यूझीलंडमधले अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी १९८४ आणि १९८७ साली दाखवून दिलं की विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिचाचणीचे गुण दर दहा वर्षांनी साधारण तीनने वाढत गेले. आजच्या मापाने मोजलं तर शंभर वर्षांपूर्वीच्या सर्वसाधारण अमेरिकन माणसाला ७० च्या आसपास गुण पडले असते. म्हणजे आजच्या निकषांनुसार तो मतिमंदत्वाच्या उंबरठ्यावर! पण ही माणसं शेती करत होती, दुकानं आणि कारखाने चालवत होती, पोरंबाळं वाढवत होती. ती मंद नव्हती हे उघड आहे. मग वाढलं ते काय?

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला अलेक्सांद्र लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाच्या कामात सापडतं. १९३१-३२ साली तो उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेला आणि शाळा न पाहिलेल्या शेतकऱ्यांना कोडी घालू लागला. एक कोडं असं होतं: दूर उत्तरेला जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात. नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे. तर तिथल्या अस्वलांचा रंग कोणता? उत्तर यायचं ते अशा अर्थाचं: मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं कुठलं पाहिलेलं नाही, जो तिथे जाऊन आला असेल त्याला विचारा. मला हे उत्तर अडाण्याचं वाटत नाही. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल परक्या माणसाच्या शब्दावर विसंबून काही बोलायचं नाही, ही त्या शेतकऱ्याची शिस्त होती आणि त्याच्या जगण्यात ती उपयोगाचीही होती. आपल्याला शाळेने उलट सवय लावली: समजा अमुक खरं आहे, तर पुढे काय निघतं ते सांग. फ्लिन यांनीही नेमका हाच धागा धरला. कुत्रा आणि ससा यांत सारखं काय, असं विचारलं तर शंभर वर्षांपूर्वीचा माणूस म्हणाला असता, कुत्रा सशाची शिकार करतो. आजचं पोर म्हणतं, दोघंही सस्तन प्राणी आहेत. चाचणीत गुण दुसऱ्या उत्तराला मिळतात.

‘समजा’ म्हणून विचार पुढे नेता येणं ही माहिती नव्हे. ती विचाराची एक रीत आहे, शिकवून येणारी. अकरावीच्या वर्गात मी दर वर्षी ‘क्ष ही कोणतीही संख्या धरा’ असं म्हणतो आणि साठ मुलं मुकाट्याने धरतात. हे किती अवघड काम आहे याची जाणीव त्यांना नसते, कारण दहा वर्षांच्या शाळेने ते त्यांच्याकडून घोटून घेतलेलं असतं.

थोडा भाग शरीराचाही आहे, तो नाकारू नये. पोटात असताना आणि लहानपणी आयोडीन कमी पडलं तर मेंदूची वाढ खुंटते, शिसं शरीरात गेलं तर बुद्धीवर परिणाम होतो. मिठात आयोडीन घालणं आणि पेट्रोलमधलं शिसं काढणं (आपल्याकडे ते २००० साली बंद झालं) यांनी मुलांची बुद्धी खरोखर वाचली. मात्र यात मेंदूला नवी ताकद मिळाली असं नाही. त्याची होणारी हानी थांबली. आणि जे परिस्थितीमुळे चढतं ते परिस्थितीमुळे उतरतंही. नॉर्वेत १९७५ नंतर जन्मलेल्या मुलांचे गुण घसरू लागले, आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही घसरण सख्ख्या भावाभावांमध्येही दिसली. एकाच आईबापांची मुलं, त्यामुळे दोष आनुवंशिकतेवर टाकायला जागा उरली नाही.

आता माझ्या विषयाकडे येतो. इसवी सन ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने एक प्रश्न मांडला: एका संख्येच्या वर्गाला ९२ ने गुणून त्यात १ मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग यावा, अशी संख्या शोधा. वर्षाच्या आत जो हे सोडवेल तो खरा गणिती, असंही त्याने म्हणून ठेवलं. उत्तर आहे १२०. १२० चा वर्ग १४,४००, गुणिले ९२ म्हणजे १३,२४,८००, त्यात १ मिळवला की ११५१ चा वर्ग. नुसतं चाचपडत गेलं तर १ पासून ११९ पर्यंत सगळं तपासावं लागतं, तेही कागद-पेन्सिलीशिवाय. पण दोन अपुरी उत्तरं (म्हणजे १ ऐवजी दुसरीच एखादी संख्या मिळवली तर पूर्ण वर्ग येतो अशी) एकमेकांशी जोडून तिसरं कसं काढायचं ही युक्ती ब्रह्मगुप्तानेच दिली. ती कळली की वर्षाचं काम एका तासिकेत होतं. पुढे जयदेव नावाच्या गणितीने याच युक्तीवर चक्रवाल पद्धत उभी केली. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी त्या पद्धतीने ९२ च्या जागी ६१ घेऊन उत्तर काढलं: २२,६१,५३,९८०. ही संख्या चाचपडून सापडणं शक्यच नाही. १६५७ साली फ्रान्समध्ये पिएर द फेर्मा याने, भास्कराचार्यांचं नावही ठाऊक नसताना, हाच ६१ चा प्रश्न आपल्या काळच्या गणितज्ञांना घातला.

भास्कराचार्य ब्रह्मगुप्तापेक्षा हुशार होते का? मला तसं वाटत नाही. मधल्या पाचशे वर्षांत पद्धत सुधारली होती आणि ती भास्कराचार्यांपर्यंत पोहोचली होती. आणि फेर्मा? त्याच्या बुद्धीबद्दल कोण शंका घेईल? पण ही विशिष्ट पद्धत त्याच्यापर्यंत आलीच नाही, म्हणून युरोपातल्या लोकांना ती नव्याने शोधावी लागली.

इथे तुमच्या प्रश्नातलं एक गृहीत मला खटकतं. ज्ञान ‘साठत जातं’ असं आपण सहज म्हणतो, जणू ते आपोआप साठतं. साठत नाही. स्कर्व्हीचा इतिहास बघा, मला तो फार अस्वस्थ करतो. लांबच्या समुद्रप्रवासात खलाशांच्या हिरड्या कुजायच्या, जुन्या जखमा उघडायच्या, माणसं मरायची. १७४७ साली ब्रिटिश नौदलाचा डॉक्टर जेम्स लिंड याने सॉल्झबरी जहाजावर १२ रुग्णांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपचार दिला. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, एका जोडीला संत्री आणि लिंबू. संत्री-लिंबूवाले काही दिवसांत उठून बसले. तरीही नौदलाने सर्वांना लिंबाचा रस द्यायला १७९५ साल उजाडलं. रोग जवळजवळ नाहीसा झाला.

आणि मग हे ज्ञान हरवलं. १८६० च्या दशकात नौदलाने भूमध्य समुद्राकडचं मोठं पिवळं लिंबू सोडून वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतलं छोटं हिरवं लिंबू घेतलं. (आपलं कागदी लिंबू त्याच जातीचं.) आंबट दोन्ही, म्हणून गुण एकच, असं सगळ्यांनी धरलं. प्रत्यक्षात नव्या रसात रोग रोखायची ताकद खूपच कमी होती. पण तोवर वाफेची जहाजं आली होती, प्रवास लहान झाले होते, त्यामुळे रस निकामी आहे हे कुणाला कळलंच नाही. कळलं ते उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या १८७५ च्या ब्रिटिश मोहिमेत. लिंबाचा रस पिऊनही माणसं स्कर्व्हीने आडवी झाली. त्यावर तज्ज्ञांनी निष्कर्ष काढला की लिंबाचा काही संबंध नसावा, खराब झालेल्या डब्यातल्या मांसाने हा रोग होत असावा! रॉबर्ट स्कॉटच्या १९०१ च्या अंटार्क्टिक मोहिमेतही स्कर्व्ही झाला. शंभर वर्षांपूर्वी हाती आलेला उपाय, आणि त्यावर सुशिक्षित डॉक्टरांचाच विश्वास उडालेला. १९०७ मध्ये नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिक यांना गिनीपिगमध्ये हा रोग निर्माण करता आला, तेव्हा वाट पुन्हा सापडली. क जीवनसत्त्वाची ओळख पटायला १९३२ साल यावं लागलं.

हे डॉक्टर मूर्ख नव्हते. त्यांच्याकडे ‘लिंबू द्या’ एवढी सूचना होती, लिंबातलं नेमकं काय काम करतं हे माहीत नव्हतं. कारण ठाऊक नसलेलं ज्ञान असंच असतं. परिस्थिती जराशी बदलली की ते दगा देतं, आणि मग लोक त्याच्यावरच अविश्वास दाखवतात.

ज्ञान टिकवायला पैसाही लागतो, माणसंही लागतात. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला निकुंभ घराण्यातल्या स्थानिक राजाने दान दिलं. विक्रीच्या उत्पन्नातला हिस्सा, घाण्याचं तेल, असं काय काय मठाला द्यायचं हे त्या लेखात नोंदवून ठेवलंय, आणि तो मजकूर मराठीत आहे. एवढ्या मोठ्या गणिताला तेलाच्या पळीचाही हिशोब लागत होता, हे वाचताना मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

आजच्या मुलांच्या हाती इतिहासातला सर्वांत मोठा ज्ञानसाठा आहे, पण त्यातला बराचसा ‘लिंबू द्या’ या स्वरूपाचा आहे. सूत्र पाठ असतं, ते का चालतं हे विचारलं की वर्ग गप्प होतो. मोबाइलने किंवा कॅल्क्युलेटरने मुलं मठ्ठ झाली, असं मी म्हणणार नाही. ती भास्कराचार्यांच्याच मेंदूची मुलं आहेत. म्हणून अभ्यासक्रमात नसलं तरी ब्रह्मगुप्ताचं ९२ चं गणित मी फळ्यावर घेतो. दोन अपुरी उत्तरं जोडली की तिसरं का मिळतं, इथपर्यंत घेतो. पूर्ण तासिका जाते, पोर्शन मागे पडतो, आणि स्टाफरूममध्ये त्याबद्दल मला बोलणीही खावी लागतात. तरी पुढच्या वर्षीही घेणार आहे.