कॉकचं नंतर बघू, आधी 11 डिसेंबर

डोंबिवलीत नोकरी करणाऱ्या आणि मालवणजवळ घर असलेल्या एका वाचकांचं पत्र आहे. आजोबांच्या वेळची 1929 ची फोर्ड मॉडेल ए. 28 सप्टेंबर 2023 ला, अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीहून पुतण्याने आणून मांगरात (घराजवळच्या शेडमध्ये) लावली आणि रात्री तिने पेट घेतला. मांगर गेला, शेजाऱ्यांची पडवीही गेली. ‘पेट्रोलचा कॉक (टाकीचा नळ) गळत होता, म्हणजे झीज आणि देखभालीत हयगय’ असं म्हणून विमा कंपनीने 11 डिसेंबर 2023 च्या पत्राने दावा नाकारला. त्यानंतर ईमेल चालूच आहेत. मार्च 2024 मध्ये कंपनीने ‘आमचा निर्णय कायम’ असं कळवलं. आता ते विचारतात की झीज या कारणावरून दावा नाकारता येतो का?

तुमचा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. ती दावा नाकारल्यापासून मोजली जाते, कंपनीच्या शेवटच्या ईमेलपासून नाही. मार्च 2024 चं उत्तर म्हणजे जुनाच नकार पुन्हा सांगितलेला, त्याने घड्याळ नव्याने सुरू होत नाही. तुम्ही पाठवलेल्या अकरा ईमेलांनीही ते थांबलेलं नाही. मुदत संपलेली तक्रार ग्राहक आयोगाने गुणदोषांत शिरून ऐकूच नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँकेच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण ‘पत्रव्यवहार चालू होता’ हे कारण सहसा चालत नाही. विमा लोकपालाकडे एका वर्षात जायचं असतं. ते दार तुम्ही स्वतःच लावून घेतलंत.

तेव्हा 10 डिसेंबर 2025 च्या आत ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करा. नकाराचं पत्र उशिरा हाती पडलं असेल तर पाकीट जपून ठेवा, पण त्या चार दिवसांच्या भरवशावर बसू नका. प्रीमियम पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागत नाही. राहत्या जागी, म्हणजे ठाण्यातही तक्रार करता येते, पण पंच, मेकॅनिक आणि जळका मांगर सगळं तिकडे आहे, म्हणून सिंधुदुर्गनगरीचा आयोग बरा. पॉलिसी, नकाराचं पत्र, सर्व्हेअरचा अहवाल, अग्निशमन आणि पोलिसांची नोंद, शपथपत्र एवढं जोडा. अहवाल मिळाला नसेल तर आजच लेखी मागा आणि मागितल्याची पोच जोडा, त्याची वाट पाहू नका.

पॉलिसीत आणखी एक अट सापडेल: नकारानंतर 12 महिन्यांत दावा लावला नाही तर तो सोडून दिला असं समजायचं. कंपनीचा वकील ती पहिल्याच तारखेला काढेल. 1997 च्या दुरुस्तीनंतर करार कायद्याच्या कलम 28 मुळे अशी अट टिकणं कठीण आहे. पण ‘कठीण’ म्हणतो, ‘अशक्य’ नाही.

आता झीज. खासगी गाडीच्या पॅकेज पॉलिसीत आग, स्फोट, आपोआप पेट घेणं ही पहिलीच जोखीम असते, आणि झीज, यांत्रिक बिघाड हे अपवादात असतात. माझ्या मते अपवादाचा अर्थ एवढाच की झिजलेल्या वायसरचे पैसे मिळत नाहीत, त्यातून लागलेल्या आगीचे मिळतात. खरा धोका चौथ्या अटीत आहे: गाडी सुस्थितीत ठेवण्यासाठी वाजवी काळजी घ्यायची, आणि बिघाडानंतर दुरुस्तीआधी चालवली तर वाढलेलं नुकसान मालकाच्या माथी. तुम्ही 26 सप्टेंबरला मेकॅनिकला व्हॉट्सॲप केलंत: ‘पेट्रोलचा वास येतोय, विसर्जन झाल्यावर बघू.’ हे वाक्य लिहिलंत ही चूक नाही, तसं वागलात ही चूक. तरी तो मेसेज पुसू नका. मेकॅनिकच्या फोनमध्ये तो आहेच, आणि पुसल्याचं उघड झालं तर हयगयीचा मुद्दा लबाडीचा होईल. तोच मेसेज ‘वास येताच मेकॅनिकला कळवलं’ असाही वाचता येतो. मात्र तसं म्हणायला कॉकची अवस्था तुमच्या बाजूने असावी लागेल.

या गाडीत पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या पुढे, इंजिनापेक्षा उंच असते. पंप नाही, पेट्रोल वजनाने खाली उतरतं. इंजिन बंद केलं तरी कॉक उघडा असेल तर पेट्रोल अडवायला फक्त कार्बोरेटरची फ्लोटची सुई उरते, म्हणजे बाऊल (कार्बोरेटरची वाटी) भरला की वाट बंद करणारी सुई. सुईखाली कण अडकला की बाऊल भरून वाहतो. सेकंदाला एक थेंब धरला तरी तासाला सुमारे 180 मिली होतं. दहा तासांत पावणेदोन लिटरच्या वर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, मांगराच्या जमिनीवर पसरते आणि इन्व्हर्टरच्या एका ठिणगीची वाट बघते.

मूळ कॉक काढून नळाच्या दुकानातला पाव फेऱ्याचा पितळी बॉल व्हॉल्व्ह बसवल्याचं तुम्ही लिहिलं आहे. तो बसवणं बेकायदा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या तपशिलांशी संबंधित आहे, आणि आरसीवर कॉक नसतो. पण पाण्याच्या व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबर ईपीडीएमचं असलं तर पेट्रोलने फुगतं आणि दांड्याभोवती पाझर सुरू होतो. दुसरं, आट्यांवर गुंडाळलेली पांढरी टेफ्लॉन टेप. तिचा एखादा धागा सुटून थेट सुईच्या बैठकीवर जाऊन बसतो. फ्लेअर जोडाला (नळीचं टोक पसरवून केलेल्या जोडाला) टेप लावायचीच नसते, तिथे धातूवर धातू बसतो.

म्हणून काय उरलंय ते शोधा. अर्धा सांगाडा भंगारात विकलात हे वाचून हात जोडावेसे वाटले. कॉक, कार्बोरेटर, मधली नळी शिल्लक असेल तर कुणी हात लावू नये. व्हॉल्व्हचा दांडा फिरवू नका: मूठ नळीला समांतर म्हणजे उघडा, आडवी म्हणजे बंद. मूठ वितळली असेल तर नळीच्या एका टोकाने टॉर्च मारा, पलीकडे उजेड दिसला तर उघडा. दोन पंचांसमोर मोजपट्टी ठेवून फोटो, मग पिशवीत सील. फोटो, मेसेज यांना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडा. पुतण्या ‘मी कॉक बंद केला होता’ म्हणतो, आणि उजेड आरपार दिसला, तर ते विधान शपथपत्रात घालू नका.

बाकीच्या मुद्द्यांवर हमी देत नाही. गाडीची नोंदणी 2021 च्या नियमांखाली ‘व्हीए’ (व्हिंटेज गाड्यांच्या) क्रमांकाची असेल तर मिरवणूक परवानगीच्या वापरात बसते का, हा वाद निघेल. भाडं घेतलं असेल तर तोही निघेल. तसं झालं तरी सगळंच जातं असं नाही. 2010 च्या अमलेंदू साहू प्रकरणानंतर अटभंग असूनही 75 टक्क्यांपर्यंत भरपाई देण्याचा मार्ग आयोग वापरतात. शेजाऱ्यांच्या पडवीचं उत्तर पॉलिसीच्या तिसऱ्या व्यक्तीच्या भागात शोधा. कंपनी ‘उभी गाडी, वापरात नव्हती’ म्हणेल. 1991 च्या शिवाजी दयानू पाटील प्रकरणात सातारा जिल्ह्यात कलंडलेल्या टँकरमधून गळलेल्या पेट्रोलचा काही तासांनी झालेला स्फोटही ‘वाहनाच्या वापरात’ धरला गेला. शेजाऱ्यांना मात्र लेखी कबुली देऊ नका. नुकसानीचा दावा मान्य करायला कंपनीची संमती लागते.

कायदा तीन महिन्यांत निकाल म्हणतो. 2020 च्या घटनापीठाने कंपनीचा जबाब 45 दिवसांनंतर घेता येणार नाही असं बजावलं, तेवढा एक टप्पा तरी वेळेवर होतो. पुढच्या तारखांचं मी बोलत नाही.

तुमच्याकडे जुनी जीप अजून चालते असं लिहिलंय. तिच्या टाकीनंतरची नळी पेट्रोलसाठीच बनवलेली आणि हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकणारी घ्या. जुन्या रबराला आणि कॉर्कच्या वायसरला ते पेट्रोल मानवत नाही. समुद्राकाठी लोखंडी नळीला क्लिपच्या खाली मीठ खातं, वरून रंग ठीक दिसतो. क्लिप सोडून बघा. पावसाळ्यात चार महिने उभी राहिल्यावर आधी सुई आणि बाऊल साफ. गाडी ठेवताना कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या, म्हणजे बाऊल रिकामा होतो. हे सगळं तारखेसह वहीत लिहा, वॉशरचं बिल चिकटवा. आणि मला पोस्टाने काही पाठवत बसू नका, आधी पोर्टलवर जा.